तळटिपेतली बाई

(तालुक्याच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘समाजशास्त्राचे जनक’ असा लिहिलाय आणि शेजारी तीन दाढीवाले चिकटवलेत. दाढ्या छान आहेत, माझी काही तक्रार नाही. पण जनक म्हटलं की जननी कुठं आहे, असं विचारायची खोड मला जरा उशिराच लागली. ती कशी लागली ते आधी सांगते.

मी कॉलेजात शिकवायला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. घटक चाचणीत मी ‘चूक की बरोबर ते लिहा’ असे पाच प्रश्न घातले होते. त्यातला एक, दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञावरचा, असा: ‘दुर्खीमच्या मते अविवाहितांपेक्षा विवाहितांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कमी असतं.’ उत्तर अर्थातच बरोबर. सगळ्या वर्गानं तेच लिहिलं. एका मुलीनं मात्र लिहिलं, ‘नवऱ्याचं बरोबर, बायकोचं सांगता येत नाही.’ मी लाल पेनानं अर्धा गुण कापला आणि शेजारी शेरा मारला, ‘फक्त चूक/बरोबर लिहावे.’

तेव्हा मी नोट्सवरून शिकवत होते. त्या नोट्स मी माझ्या बाईंच्या नोट्सवरून उतरवल्या होत्या आणि बाईंनी बहुधा त्यांच्या सरांच्या. दुर्खीमच्या मूळ पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर मी सलग वाचलं त्यानंतर सात-आठ वर्षांनी. वाचता वाचता घशाला कोरड पडली, कारण ती मुलगी बरोबर होती. तिनं दुर्खीम वाचलेला असणं शक्यच नव्हतं. तिला ते कुठून कळलं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

तर आज मी दाढ्यांच्या क्रमानं जाणार नाही. त्या एका वाक्याच्या मागे जाणार आहे. वाटेत दाढ्या भेटतीलच.

समाजशास्त्र हा शब्द कुणी घडवला, असं परीक्षेत विचारतात. उत्तर: ऑग्यूस्त काँत, तुमच्या पाठ्यपुस्तकातला कॉम्त. हा १७९८ साली माँपेलिएला जन्मलेला फ्रेंच माणूस. राज्यक्रांती होऊन दहा वर्षंही झालेली नव्हती. राजाचं डोकं उडालेलं, चर्चच्या जमिनी विकलेल्या, पुढं नेपोलियन येतो, जातो, पुन्हा राजे येतात. घरातला कर्ता पुरुष अचानक गेला की मागं उरलेल्यांना पहिल्यांदा प्रश्न पडतो, हे घर आजवर चालत कशावर होतं? तसं त्या पिढीचं झालं. देवाच्या इच्छेनं आणि राजाच्या हुकमानं समाज चालतो, हे उत्तर आता पुरत नव्हतं. मग चालतो तरी कशावर?

काँतनं १८२६ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला स्वतःच्या घरी व्याख्यानं सुरू केली. समोर बसलेल्यांत अलेक्झांडर फॉन हुंबोल्टसारखा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होता. तीन व्याख्यानं झाली आणि वक्त्याचं मानसिक संतुलन ढळलं. त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यानं सेन नदीत उडी घेतली, वाचला. त्या सगळ्या काळात त्याला सांभाळलं त्याची बायको कारोलिन मासाँ हिनं. काँतनं पुढं तिच्याविषयी जे लिहिलं ते इतकं कडवट आहे की मी ते इथं सांगणार नाही. तिची बाजू मांडणारे लोक फार उशिरा निघाले.

बरा झाल्यावर त्यानं व्याख्यानं पुन्हा धरली आणि १८३० ते १८४२ या काळात त्याचे सहा जाडजूड खंड आले. चौथ्या खंडात, १८३९ साली, ‘सोसिओलॉजी’ हा शब्द आला. त्याआधी तो ‘सामाजिक भौतिकी’ म्हणायचा. मग नवा शब्द कशाला? कारण त्याचा शब्द दुसऱ्यानं उचलला होता. ब्रसेल्सला आडोल्फ केतले नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. ग्रहताऱ्यांची गणितं करता करता तो माणसांच्या आकड्यांकडे वळला. लग्नं, जन्म, गुन्हे यांच्या नोंदी घेऊन बसला आणि चक्रावला, कारण दरवर्षी आकडे जवळपास तेच. खून करणारी माणसं दरवर्षी वेगळी, खुनांची संख्या मात्र तीच. तुरुंग आणि वधस्तंभाचा हप्ता समाज सरकारच्या करापेक्षाही नियमितपणे भरतो, अशा अर्थाचं काहीतरी त्यानं १८३५ साली लिहिलं. आणि आपल्या या कामाला त्यानं ‘सामाजिक भौतिकी’ म्हटलं. काँतला आकडेमोडीचा तिटकारा. ज्या नावावर एक आकडेवाला बसला ते नाव त्याला नको झालं. म्हणून अर्धा लॅटिन, अर्धा ग्रीक असा धेडगुजरी शब्द त्यानं घडवला, आणि आपण तो अजून वापरतो.

काँतविषयी बोलायला तासभरही पुरणार नाही, पण मी त्याच्यावर तेवढा वेळ घालवणार नाही. डोकं स्वच्छ राहावं म्हणून त्यानं एका टप्प्यावर दुसऱ्यांचं वाचणंच बंद केलं. आपल्याकडंही असे प्राध्यापक होऊन गेले, पण त्याला शास्त्रीय नाव द्यायचं त्यांना सुचलं नाही. (हशा) शेवटी त्यानं मानवतेचा धर्म काढला, २८ दिवसांचे तेरा महिने असलेलं पंचांग केलं. ब्राझीलच्या झेंड्यावर ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ हे शब्द आहेत ना, ते त्याच्याकडून गेलेले.

मला त्याचं आणखी एकच सांगायचंय. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलशी त्याचा पत्रव्यवहार होता. बाईची बुद्धी मुळातच कमी, म्हणून तिनं पुरुषाच्या आधीन राहावं हे निसर्गाचंच सांगणं आहे, असं काँत त्यात ठासून सांगतो. मिल ते मान्य करत नाही आणि मैत्री आटत जाते. मग काँतला क्लोतिल्द द व्हो नावाची स्त्री भेटते, तो प्रेमात पडतो, १८४६ मध्ये ती क्षयानं जाते, आणि त्यानंतर बाई ही त्याच्या धर्मात पूजेची वस्तू होते. आधी अकलेनं कमी, नंतर थेट देवी. मधली जी जागा आहे, जिथं प्रत्यक्ष बायका राहतात, तिथं तो कधी थांबलाच नाही. हे ऐकून इथल्या कुणाला आश्चर्य वाटलं असेल असं मला वाटत नाही.

गंमत अशी की या माणसाला वाचकांपर्यंत पोचवलं एका बाईनं. हॅरिएट मार्टिनो, नॉर्विचच्या, जन्म १८०२. लहानपणापासून ऐकू कमी येत गेलं. कानाला कर्णा लावून त्या ऐकायच्या. आपल्या जुन्या ग्रामोफोनच्या भोंग्यासारखा, फक्त छोटा. त्यांनी १८५३ मध्ये काँतचे सहा खंड इंग्रजीत दोन खंडांत आणले. पाल्हाळ काढून टाकला, मुद्दा तेवढा ठेवला. काँतनं ते पाहिलं आणि तो इतका खूश झाला की आपल्या अनुयायांना त्यानं स्वतःच्या ग्रंथाऐवजी मार्टिनोबाईंचं पुस्तक वाचायला सांगितलं. पुढं ते फ्रेंचमध्ये उलट भाषांतरित झालं! आपलंच म्हणणं आपल्याच भाषेत कळायला इंग्लंडला वळसा घालून यावं लागलं.

पण मार्टिनोबाईंचं खरं काम याच्या आधीचं आहे. १८३४ ते १८३६ त्या अमेरिकेत फिरल्या. कर्णा घेऊन. घरांत, तुरुंगांत, मळ्यांवर गेल्या. परदेशी समाज पाहायला निघालेल्या माणसानं काय पाहावं, यावर त्यांचं एक अख्खं पुस्तक १८३८ मध्ये आलं. त्या सांगतात, नुसत्या लोकांच्या मतांवर जाऊ नका, वस्तूंकडे बघा. थडग्यांवर काय कोरलंय ते वाचा, कारण मेलेल्या माणसाचा कुठला गुण कोरावासा वाटला त्यावरून जिवंत माणसं कशाला मान देतात ते कळतं. लोक कुठली गाणी म्हणतात ते ऐका. हे कोण सांगतंय? जिला नीट ऐकू येत नाही ती बाई.

आणि त्यांची मोजपट्टी कुठली? इंग्लंडची नाही. अमेरिकनांनो, ‘सर्व माणसं समान’ असं तुमच्याच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिलंय ना, मग तीच पट्टी तुम्हाला लावते, असं म्हणून त्यांनी गुलामगिरी मोजली आणि ‘स्त्रियांचं राजकीय अस्तित्वच नसणं’ या नावाचं एक प्रकरण लिहिलं. १८३७ साली. तेव्हा काँतला ‘सोसिओलॉजी’ हा शब्द सुचायलाही दोन वर्षं अवकाश होता. फळ्यावर एखादा कर्णा चिकटवला असता तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते.

आता दुर्खीम. इथं मी बसकण मारणार आहे.

एमिल दुर्खीम, जन्म १८५८, एपिनाल गाव, वडील ज्यूंचे धर्मगुरू. त्यानं १८९७ मध्ये ‘आत्महत्या’ हे पुस्तक काढलं. विषयाची निवड बघा. माणसाच्या हातून घडणाऱ्या कृतींमध्ये सगळ्यांत खाजगी, सगळ्यांत एकट्याची अशी कृती कुठली? ही. तिच्यातसुद्धा समाजाचा हात दाखवता आला तर मग या नव्या शास्त्राला कुणी हटकू शकणार नाही, असा त्याचा डाव होता.

त्यासाठी लागणारी माहिती आली कुठून? सरकारी वार्षिक अहवालात वय मिळायचं, लिंग मिळायचं, पण लग्न झालेलं होतं का आणि मुलं होती का, हे सगळं एकत्र मिळत नव्हतं. न्याय खात्याच्या दप्तरात मात्र एकेका माणसाची नोंद पडलेली होती. दुर्खीमचा भाचा मार्सेल मोस तेव्हा चोविसाच्या आसपासचा. पुढं तोही मोठा विद्वान झाला, पण त्या वेळी तो मामाच्या तावडीत सापडलेला भाचा होता. त्यानं सुमारे २६ हजार आत्महत्यांच्या नोंदी एकट्यानं वेगळ्या केल्या. वय, स्त्री की पुरुष, अविवाहित, विवाहित की विधुर-विधवा, मूल आहे की नाही.

संगणक नाही, हे लक्षात घ्या. तुम्ही ग्रामपंचायतीचं जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर पाहिलंय? एक पान उलटायचं, एक रेघ मारायची, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. दुसरं पान. प्रत्येक पानावर एक मेलेलं माणूस. हे २६ हजार वेळा. प्रस्तावनेत मामानं भाच्याचे आभार मानलेत. मी हे पुस्तक शिकवताना मुलांना पहिल्यांदा ती प्रस्तावना वाचून दाखवायचे, म्हणजे सिद्धांत कशाला म्हणतात ते कळायच्या आधी त्याला किती हमाली लागते ते कळावं.

या रेघोट्यांतून निघालं काय? प्रोटेस्टंटांत प्रमाण जास्त, कॅथलिकांत कमी. युद्धाच्या आणि मोठ्या राजकीय उलथापालथीच्या काळात आकडा वर जायच्या ऐवजी खाली येतो. आर्थिक मंदीत वाढतो हे समजतं, पण एकदम भरभराट झाली तरी वाढतो. दुर्खीम म्हणाला, माणूस आपल्या माणसांना किती घट्ट बांधलेला आहे आणि त्याच्या इच्छांना किती लगाम आहे, या दोन गोष्टी बघा. बंध फार सैल झाले तर एक प्रकार, फार आवळले तर दुसरा. लगाम अचानक सुटला तर तिसरा. त्यालाच आपण पुस्तकात प्रमाणकशून्यता म्हणतो. चौथी जागा उरते. लगाम फार आवळला तर? थांबा, तिथंच येतेय.

यावर आक्षेप पुष्कळ आले आणि ते रास्त आहेत. मृत्यूची नोंद ‘आत्महत्या’ म्हणून करायची की ‘अपघात’ म्हणून, हे शेवटी कुणीतरी माणूसच ठरवतो, आणि जिथं बदनामीची भीती जास्त तिथं अपघात जास्त होतात. आपल्याकडं स्टोव्हचे भडके किती झाले आणि त्यात बायकाच कशा सापडल्या, हे ज्यांना आठवतं त्यांना हा आक्षेप समजावून सांगायला नको.

पण मला त्या तक्त्यातल्या एका ओळीकडे जायचंय. लग्न झालेल्या पुरुषाला लग्नाचं संरक्षण मिळतं. मूल नसलं तरी काही प्रमाणात मिळतं, मुलं असली तर भरपूर. बायकांचं काय? मुलं असलेल्या बायकोला मिळतं, पण ते मुलांमुळे. लग्न झालंय आणि मूल नाही अशी फ्रेंच बाई तिच्याच वयाच्या अविवाहित बाईच्या दीडपट प्रमाणात आत्महत्या करताना दिसते. म्हणजे मूल बाजूला काढून नुसतं लग्न तेवढं उरवलं, तर ते नवऱ्याला तारतं आणि बायकोला मारतं.

हे दुर्खीमनं लपवलेलं नाही. मोसनं मोजलं, मामानं छापलं. पुढं जाऊन त्यानं असंही दाखवलं की जिथं घटस्फोट जास्त होतात तिथं पुरुषांचं संरक्षण घटतं आणि बायकांचं सुधारतं. लग्नात नवरा-बायकोचं हित एकमेकांच्या विरुद्ध जातं, असं चक्क लिहून ठेवलं. १८९७ मध्ये हे लिहायला धाडस लागतं.

आणि मग कारण द्यायची वेळ आली आणि आमचा माणूस घसरला. म्हणाला, बाईच्या इच्छा मुळात तिच्या शरीरानंच आखून दिलेल्या असतात, तिचं मानसिक जीवन पुरुषाइतकं विकसित झालेलं नसतं, म्हणून तिला समाजाच्या लगामाची तेवढी गरजच नसते. अहो, चारशे पानं तुम्ही काय सांगत आलात? की शरीर, स्वभाव, वंश, हवामान असली कारणं देऊ नका, सामाजिक गोष्टीचं कारण समाजात शोधा. आणि बाई समोर आल्याबरोबर शरीर! परस्परसंमतीनं घटस्फोट मिळावा की नाही, असा वाद पुढं फ्रान्समध्ये निघाला तेव्हा हाच माणूस विरोधात उभा राहिला. स्वतःचा तक्ता स्वतःच्या कपाटात होता.

आता ती चौथी जागा. लगाम फार आवळल्यामुळे होणारी आत्महत्या. दैववादी म्हणतात तिला. हा प्रकार दुर्खीमनं प्रकरणात घेतलेला नाही. एका प्रकरणाच्या शेवटी तळटीप आहे, तिच्यात तो उरकलाय. ज्यांचं भविष्य निर्दयपणे भिंतीत चिणलेलं आहे अशांची ही आत्महत्या, असा त्याचा आशय. उदाहरणं? फार कोवळ्या वयात लग्न झालेले नवरे, मूल नसलेली विवाहित बाई आणि गुलाम. आजच्या काळात याचं महत्त्व फारसं नाही, असं म्हणून विषय बंद.

तळटीप. मी ती वाचली आणि मला लाल पेन आठवलं.

आणखी एक बाई त्या पुस्तकात आहे, आणि ती आपली आहे. बंध फार आवळल्यानं होणारी ती परार्थवादी आत्महत्या. तिच्या उदाहरणांत नवऱ्यामागे जाणारी हिंदुस्थानातली विधवा आहे. दुर्खीमच्या मते तिथं व्यक्ती समूहात इतकी विरघळलेली असते की मरणं हे कर्तव्य होऊन बसतं. असेल. पण समूहाला तिच्या मरणाची गरज का पडावी, हे तो विचारत नाही. तो प्रश्न १९ वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी विचारला. त्याच्याकडे जायच्या आधी एका भांडणावरून जावं लागेल.

मोसला न्याय खात्याच्या त्या नोंदी बघू कुणी दिल्या? खात्याच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख होता गाब्रिएल तार्द. फ्रान्समधल्या सार्ला गावचा, आधी कित्येक वर्षं तिथंच न्यायाधीश. १८९० मध्ये त्याचं ‘अनुकरणाचे नियम’ हे पुस्तक आलेलं. समाज म्हणजे दुसरं काही नाही, एकानं दुसऱ्याचं बघून करणं, असं त्याचं म्हणणं. दुर्खीमनं प्रस्तावनेत त्याचेही आभार मानले आणि आत एक पूर्ण प्रकरण खर्ची घालून त्याचा सिद्धांत झोडपला. ज्याच्या विहिरीचं पाणी प्यायलं त्याच्याच विहिरीत दगड. तार्दला काय वाटलं असेल ते वाटो.

वाद काय होता, ते लग्नाच्या हळदीवरून सांगते. आपल्या हळदीला वऱ्हाडानं सगळ्यांनी पिवळं घालायचं, मागं डीजे, ही पद्धत आमच्या लहानपणी नव्हती. तार्द म्हणेल, आधी कुणी केलं ते शोधा. कुठल्या तरी सिनेमात झालं, मग शहरातल्या पैसेवाल्यांनी केलं, त्यांचं बघून तालुक्यानं, तालुक्याचं बघून वाडीनं. पाणी उतारानं वाहतं तसं अनुकरण वरून खाली वाहतं, आणि जितकं जवळ तितकं जोरात. दुर्खीम म्हणेल, ते राहू दे, तू पांढरी साडी नेसून हळदीला जाऊन दाखव. काय होतं बघ. कुणी मारणार नाही, पण नजरा, कुजबुज, ‘लोक काय म्हणतील’. हे ‘लोक’ म्हणजे कुणी एक माणूस नाही. तरी ते बाहेरून दाब देतात, भिंतीसारखे टोचतात. याला तो सामाजिक तथ्य म्हणायचा, आणि ते वस्तूसारखं तपासा म्हणायचा.

दोघं १९०३ मध्ये पॅरिसला एका व्यासपीठावर समोरासमोर आले. पुढच्याच वर्षी तार्द वारला. दुर्खीमकडं पॅरिसचं सोर्बोन विद्यापीठ होतं, स्वतःचं नियतकालिक होतं, मोससारखे भाचे-शिष्य होते. तार्दकडं शिष्य नव्हते. शास्त्राच्या इतिहासात कोण जिंकतं ते ठरवताना युक्तिवादापेक्षा शिष्यांची संख्या पुष्कळदा कामी येते. फ्रान्समध्ये तार्द पुढं अनेक दशकं जवळजवळ विसरला गेला.

वेबर? हो, तिसरी दाढी. मॅक्स वेबर, जर्मनीचा समाजशास्त्रज्ञ. त्याचं आणि दुर्खीमचं एकमेकांवाचून चाललं. समकालीन असून दोघांनी एकमेकांची जवळपास दखलच घेतली नाही. मात्र वेबरची बायको मारियान हिनं १९०७ मध्ये कायद्याच्या विकासातली पत्नी आणि माता या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, त्याचं परीक्षण दुर्खीमनं केलं आणि नापसंती दाखवली. नवऱ्याशी अबोला, बायकोच्या पुस्तकाची झाडाझडती. मॅक्स १९२० मध्ये गेल्यावर त्याचे पसरलेले कागद जुळवून ग्रंथ कुणी उभे केले? मारियाननंच. वेबरवर बोलायला पुढच्या वर्षी बोलवा.

आता न्यूयॉर्कला चला. ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांचा एक विद्यार्थी निबंध वाचतो. भीमराव आंबेडकर. विषय: भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. आपण बाबासाहेबांना घटनेमुळे, चळवळीमुळे ओळखतो. तिथं त्या खोलीत ते पहिल्यांदा समाजशास्त्रज्ञ आहेत, आणि माझ्या मते दुर्खीमनं जिथं पेन खाली ठेवलं तिथून उचलणारे आहेत.

ते म्हणतात, जातीचं सार एकच, जातीतल्या जातीत लग्न. आता एवढा एक नियम पाळायचा ठरवला की काय करावं लागेल? गणित मांडतात. कुंपण घातलेल्या गटात लग्नाच्या वयाच्या बायका आणि पुरुष यांची संख्या सारखी राहिली पाहिजे. जोडपं एकाच वेळी मरत नाही. नवरा आधी गेला तर एक बाई जास्तीची उरते. ती बाहेर लग्न करेल तर कुंपण मोडेल, आत दुसरं लग्न करेल तर दुसऱ्या मुलीच्या वाट्याचा नवरा घेईल. मग तिचं करायचं काय? जाळा. ते दरवेळी जमत नाही, तर सक्तीचं वैधव्य लादा. बायको आधी गेली तर पुरुष जास्तीचा उरतो. त्याला कुणी जाळत नाही, कारण नियम करणारा तोच. संन्यासी हो म्हटलं तर टिकत नाही, आणि गटाला तो संसारात हवाय. मग त्याला बायको कुठून आणायची? अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून. झाला बालविवाह.

सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. तीन वेगवेगळ्या रूढी म्हणून सुधारक शंभर वर्षं ज्यांच्याशी एकेक करून लढत होते, त्या एकाच कुलपाच्या तीन चाव्या निघाल्या. या रूढींचं गुणगान करणारं तत्त्वज्ञान? ते नंतर आलं, म्हणतात आंबेडकर. आधी रूढी पडली, मग कडू गोळीला साखर लावली गेली. दुर्खीमनं सतीत कर्तव्य पाहिलं. यांनी त्या कर्तव्यामागचा हिशेब काढून दाखवला, आणि तो काढताना बाईच्या शरीराचं किंवा तिच्या कमी-जास्त मनाचं कारण एकदाही द्यावं लागलं नाही. ‘जास्तीची बाई’ हा शब्द ऐकायला क्रूर आहे. पण जातीचं अख्खं यंत्र तिच्याभोवती फिरतं, हे त्या शब्दानं दिसलं.

मग ही कुंपणं सगळीकडे पसरली कशी? मनूनं बसून जाती वाटल्या का? नाही, जात मनूच्या आधीची, एका माणसाच्या हुकमानं एवढं मोठं काही घडत नाही, असं ते म्हणतात. वरच्यांनी दार लावून घेतलं. त्यांचं बघून इतरांनी लावलं, आणि काहींना ते बाहेरून लावलेलं आढळलं. आणि याच्या पुष्टीला ते कुणाला बोलावतात? गाब्रिएल तार्दला. अनुकरण वरून खाली वाहतं, जितकं जवळ तितकं जोरात. ब्राह्मणांच्या लगतच्या जातींनी तिन्ही रूढी उचलल्या, लांबच्यांनी काही, आणखी लांबच्यांनी नुसतं जातीतलं लग्न. पॅरिसात हरलेला माणूस न्यूयॉर्कात आपल्या कामाला आला. पुढं मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेल्या एम. एन. श्रीनिवास यांनी खालच्या जाती वरच्यांचे आचार उचलतात त्याला ‘संस्कृतीकरण’ असं नाव दिलं आणि ते जगभर गेलं. विद्यार्थ्यांना ते पाठ असतं. १९१६ चा निबंध मात्र आमच्या अभ्यासक्रमात कित्येक वर्षं नव्हता.

घुर्ये म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये, मालवणचे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग निघाला, पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार, आणि १९२४ पासून घुर्ये. त्यांचा स्वभाव, त्यांची ग्रंथांची भूक, यावर इथल्या जुन्या लोकांकडं माझ्यापेक्षा जास्त गोष्टी असतील. मला त्यांची एक विद्यार्थिनी हवीय. इरावती कर्वे. मुंबईत घुर्यांकडे एम. ए., मग बर्लिनला डॉक्टरेट, मग पुण्याला डेक्कन कॉलेज. तुम्हाला त्या ‘युगान्त’मुळे माहीत आहेत. मला त्यांचा १९५३ चा भारतातल्या नातेसंबंधांवरचा ग्रंथ जास्त मोठा वाटतो.

दुर्खीमनं लग्न पाहिलं. लग्नानंतर बाई ज्या घरात जाते ते घर नाही पाहिलं. इरावतीबाईंनी तेच पाहिलं. प्रांतोप्रांतीचे नात्यांचे शब्द गोळा केले. सून सासऱ्याला काय म्हणते, थोरल्या दिराला काय, नणंदेला काय. उत्तरेत मुलगी लांब देतात, अनोळखी घरात, म्हणून घुंघट, म्हणून सासरी आणि माहेरी दोन वेगळ्या बायका झाल्यासारखं जगणं. दक्षिणेत मुलगी पुष्कळदा मामाच्या किंवा आजीच्याच घरी जाते, सासू लहानपणापासून पाहिलेली असते. आपण मधोमध. आपल्या पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. म्हणजे मुलीच्या बाजूनं बघा, ती आत्याच्या घरी सून म्हणून जाऊ शकते. सासू म्हणजे बापाची बहीण. आता ओळखीची सासू असल्यानं लगाम सैल होतो की दुप्पट आवळतो, हे मोजायला मोससारखं कुणीतरी बसायला हवं. निदान एवढं तर आत्ता मोजता येईल. इथं किती जणींची सासू त्यांची आत्या आहे? लाजू नका, हात वर करा.

चार... पाच... खांबाजवळच्या तुम्ही, सहा... सात. मागच्या रांगेतल्या आजी, तुम्ही दोन्ही हात वर केलेत. एकच करायचा. काय म्हणताय? जरा माईक द्या त्यांना.

‘एक हात माझ्या सासूचा. ती माझी आत्या. दुसरा माझ्या सुनेचा. मी तिची आत्या.’